मागच्या रांगेतली हवा

घरात कोणी खोकू लागले की आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, "हवा बदललीय, दुसरं काय!" आणि पांघरूण कानावर ओढून घेतो. वाचकहो, तुमच्या घरातही ते कधीतरी म्हटले गेले असेल. या गोष्टीतल्या कवायत शिक्षकांच्या घरात ते हिवाळाभर रोज सकाळी म्हटले जाई. खोकणारी त्यांची धाकटी मुलगी असे, आणि म्हणणारे ते स्वतः.

शाळेत त्यांना सगळे 'दीर्घश्वास सर' म्हणत. हे नाव त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. शाळेचा दिवस त्यांच्याच हुकमाने सुरू होई. उजाडताच सारी शाळा मैदानात रांगा करून उभी राही. सर चौथऱ्यावर चढत, शिट्टी वाजवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "दीर्घ श्वास... आत!" शेकडो छात्या एकदम फुगत. "धरा... सोडा!" हे बराच वेळ चाले. मग गणित, भाषा वगैरे किरकोळ गोष्टी.

ही पद्धत त्या गावाची खास होती. गाव डोंगरांच्या मधोमध, खोल वाडग्याच्या तळाशी बसावे तसे वसलेले. वरच्या कड्यावर पूर्वी छातीच्या रोग्यांचा दवाखाना होता. तिथले डॉक्टर रोग्यांना पहाटे व्हरांड्यात बसवून खोल श्वास घ्यायला लावत, आणि बरीच माणसे बरी होऊन आपल्या पायांनी घरी जात. पुढे दवाखाना बंद पडला, पण सवय दरीत उतरली ती उतरलीच. लोक खिडक्या सताड उघड्या टाकून झोपत. म्हाताऱ्यांना उजाडायच्या आत अंगणात खुर्चीवर नेऊन बसवत. बाहेरगावचे लोक हवा खायला येऊ लागले, त्यांच्यासाठी लॉज उभे राहिले, आणि गावात शिरताना मोठी पाटी लागली : 'येथे मोकळा श्वास घ्या'. सकाळी दरीत पांढुरके धुके भरलेले असे. पाहुणे त्याचे फोटो काढत आणि गावकरी कौतुकाने बघत, जणू धुके त्यांनीच विणले होते.

धाकटी सहावीत होती. थंडी पडली की तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू येई आणि दोन जिने चढले की खांदे वरखाली होऊ लागत. वर्गातल्या मुलांनी तिचे नाव 'भाता' ठेवले होते. डॉक्टरांनी तिला तोंडात फवारायचा पंप दिला होता. तो सरांनी कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. "पंपाची सवय लागली की फुप्फुसं आळशी होतात," असे त्यांचे मत होते. उपाय त्यांच्याकडे तयार होता. शाळेत जायच्या आधी ते धाकटीला घरामागे उभी करत आणि जादा श्वास घ्यायला लावत. तिथे पाणी तापवायचा बंब पेटलेला असे, तेवढीच पोरीला ऊब. बंबात ओली लाकडे, दुधाच्या पिशव्या आणि शाळेतून आणलेले फुटके चेंडू जळत. चेंडू छान पेट घेत.

मुलीवर त्यांचा जीव नव्हता असे मुळीच नाही. जीव होता म्हणून तर हे चालले होते. कवायत शिक्षकाची मुलगी, आणि तिलाच श्वास घेता येत नाही, हे त्यांना सहन होत नव्हते. वार्षिक कवायत जवळ आली होती. त्या दिवशी मैदानात खुर्च्या मांडत, लॉजमधले पाहुणे येऊन बसत, आणि सारी शाळा त्यांच्यासमोर एका तालात श्वास घेई. यंदा धाकटीला पहिल्या रांगेत उभे करायचे, असे सरांनी ठरवले होते.

त्याच सुमारास त्यांची आत्या मुक्कामाला आली. ही आत्या त्या बंद पडलेल्या दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावरही ती वर कड्यावरच राहत असे. आता गुडघे बोलू लागले म्हणून थंडीपुरती खाली उतरली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीत ओला पांढरा रुमाल वाळत टाकला. दुपारी तो काढला आणि काही न बोलता सरांच्या ताटाशेजारी ठेवला. रुमाल राखाडी झाला होता.

"धुळीचा असेल," सर म्हणाले.

"अरे, धुकं नाकाला ओलं लागतं. हे घशाला कोरडं लागतंय. आणि धुक्याला जळक्या रबराचा वास कधीपासून यायला लागला?"

सरांची बायको पोळी वाढता वाढता थांबली. फुटक्या चेंडूंचा विषय तिने आजवर काढला नव्हता. ती म्हणाली, "अहो, म्हणजे पाहुणे फोटो काढतात ते आपल्या बंबाचे की काय?"

आत्या हसली नाही. तिने समजावून सांगायला सुरुवात केली. थंड हवा जड असते. रात्रभर ती डोंगरावरून घसरत येते आणि वाडग्यात पाणी साचावे तशी दरीच्या तळाला साचते. वर उबदार हवेचे झाकण बसते. ऊन चांगले चढेपर्यंत खालची हवा हलत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी बंब पेटतात, लॉजच्या भट्ट्या पेटतात, नगरपालिकेचा कचरा गावाबाहेरच्या वळणावर पेटतो. तो धूर जाणार कुठे? तो खालीच बसतो. आणि गावातली सर्वांत सपाट, सर्वांत खोल जागा कोणती? शाळेचे मैदान.

"आत्या, हा दीर्घ श्वास मला तूच शिकवलास," सर दुखावून म्हणाले. "मी लहान होतो, तुझ्या व्हरांड्यात."

"शिकवला. तेव्हा दरीत मोजकी घरं होती आणि आपण वर कड्यावर होतो. बाटलीवरची चिठ्ठी तीच राहिली रे, आतलं औषध कधीच बदललं. आता तू त्याच चिठ्ठीवर भरवसा ठेवून पोरीला चमचे पाजतोयस."

सर म्हणाले की असे असते तर थोरल्या मुलीलाही त्रास झाला असता. यावर बायकोने आठवण करून दिली की थोरलीही खोकायची. शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा थांबली. आपण म्हणालो, वयाने गेला खोकला.

"आणि तो पंप काढ बाहेर," आत्या म्हणाली. "सवय लागते म्हणे! तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे, त्याची सवय लागली म्हणून कोणी काढून घेतला का?"

सर ताटावरून उठले. माणूस वर्षानुवर्षे एखाद्या गोष्टीवर उभा असतो. पायाखालची ती फळी कोणी हलवू लागले की तो आधी फळीला घट्ट धरतो. यात सरांना फार दोष देता येणार नाही. आपणही तेच केले असते.

पुढे दोन-चार दिवस आत्याने तो विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "माझी काठी वर घरी राहिलीय. उद्या सकाळीच आणून दे, गुडघा फार धरलाय."

"सकाळी कवायत असते."

"एक दिवस तुझ्याशिवाय श्वास घेतील पोरं. मरत नाहीत."

सरांनी चित्रकलेच्या शिक्षकांना शिट्टी दिली आणि उजाडता उजाडता पायवाट धरली. आयुष्य या दरीत गेले होते, पण सकाळच्या या वेळी ते कधी वर आलेच नव्हते. या वेळी ते कायम मैदानात असत. अर्ध्या वाटेवर त्यांना वाटले, आज थंडी कमी आहे. आणखी थोडे चढल्यावर घशातली रोजची खवखव गेली. ती खवखव आहे हेसुद्धा ती गेल्यावर कळले. कड्यावर पोचले तेव्हा वर निळेशार, धुतल्यासारखे आकाश होते. धुक्याचा पत्ता नव्हता. मग त्यांनी खाली पाहिले.

खाली गाव नव्हते. डोंगरांच्या मध्ये एक मळकट, तपकिरी झाकण बसवलेले होते. जागोजागी धुराच्या बारीक दोऱ्या झाकणातून जरा वर डोकावत आणि तिथेच आडव्या पसरत. वळणावरच्या कचऱ्याचा धूर काळा होता, लॉजच्या रांगेचा जाडजूड. आणि त्या झाकणाखालून, अगदी स्पष्ट, एक शिट्टी ऐकू आली. मागोमाग चित्रकलेच्या शिक्षकांचा चिरका आवाज.

"दीर्घ श्वास... आत!"

सरांच्या तोंडून शब्द निघून गेला, "नका!" ऐकायला कोणी नव्हते. खालून उत्तर म्हणून शेकडो मुलांचा एकत्र श्वास आला, फूं करून सुटलेला. त्यात एक श्वास त्यांच्या धाकटीचा होता. तो त्यांनीच तिला घ्यायला शिकवला होता.

काठी आत्याच्या घरात कुठेच नव्हती. ती त्यांच्याच घरी दाराआड उभी होती. पण त्याबद्दल सर नंतर आत्याला एक अक्षर बोलले नाहीत. परत येताच त्यांनी कपाटाचे कुलूप काढले आणि पंप धाकटीच्या हातात दिला. "डॉक्टरांनी सांगितलंय तसा घ्यायचा," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून घरचा बंब पेटला नाही आणि घरामागची जादा कवायतही बंद झाली.

शाळेत जाऊन त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना विनंती केली, की कवायत दुपारी घ्या. नेमके लॉजमालकांच्या संघाचे अध्यक्ष तिथे बसले होते. शाळेच्या सभागृहाचे छप्पर संघाच्या मदतीतून होणार होते. अध्यक्ष गोड माणूस. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाठ थोपटली.

"सर, दुपारी पाहुणे निघून जातात. आणि धुक्यातली कवायत हेच तर आपलं वैशिष्ट्य."

"तो धूर आहे."

"हा शब्द या खोलीत राहू दे," अध्यक्ष हसत म्हणाले. "गाव हवेवर जगतं. तुम्ही हवेलाच नावं ठेवलीत तर लोकांच्या पोटावर पाय येईल. तुमच्याही."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. सरांची नेमणूक दर वर्षी नव्याने होत असे, हे तिघांनाही माहीत होते. सर उठून आले. खरे सांगायचे तर ते घाबरले. धाडसी माणसे घाबरत नाहीत असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ती पुस्तके लिहिणाऱ्यांना नोकरीची काळजी नसावी.

घरी येऊन त्यांनी मधला मार्ग काढला. कवायत होईल, पण धाकटी पहिल्या रांगेत नसेल. "तू आपली मागच्या रांगेत उभी राहा," ते तिला म्हणाले. "श्वास घेतल्यासारखं कर. कुणाला दिसणार नाही."

धाकटी बुटांना पॉलिश करत होती. मान वर न करता तिने विचारले, "बाबा, मागच्या रांगेत हवा वेगळी असते का?"

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. आत्या कोपऱ्यात विणत बसली होती, तिने सुईवरची नजर हलवली नाही.

वार्षिक कवायतीची सकाळ उजाडली. उजाडली म्हणजे पांढुरकी झाली. मैदानात खुर्च्या लागल्या होत्या, पाहुणे शाली गुंडाळून, कॅमेरे सरसावून बसले होते. अध्यक्षांनी भाषण केले. आमच्या गावाची हवा म्हणजे अमृत, असे म्हणताना त्यांना दोनदा खाकरावे लागले. मग त्यांनी सरांना खूण केली. सर चौथऱ्यावर चढले. समोर पांढऱ्या गणवेशातल्या रांगा, मागे मागे पुसट होत गेलेल्या. शेवटची रांग दिसतच नव्हती. धाकटी तिथे होती.

त्यांनी शिट्टी वाजवली. शेकडो खांदे सवयीने मागे गेले, छात्या तयार झाल्या. हुकूम आला नाही.

"आज या मैदानात कोणीही दीर्घ श्वास घेणार नाही," सर म्हणाले. आवाज नेहमीइतकाच खणखणीत होता. "इथे हवा नाही, धूर आहे. कवायत वर कड्यावर होईल. सारी शाळा... मागे वळ!"

शाळा वळली. वळल्याबरोबर शेवटची रांग पहिली झाली.

"धाकटे, पुढे हो. शाळा तुझ्या पावलानं चालेल. ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं. कोणी तिच्या पुढे जायचं नाही."

अध्यक्ष खुर्चीतून उठून काहीबाही ओरडत होते. बाई धावत चौथऱ्यापाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, काय चालवलंय? याचा खुलासा द्यावा लागेल."

"देतो ना बाई. वर या, तिथेच देतो."

पाहुण्यांना वाटले, हाही कार्यक्रमच. तेही कॅमेरे घेऊन निघाले. मग अध्यक्षांनाही निघावे लागले.

चढ सोपा नव्हता. पहिल्या वळणावर धाकटी थांबली. तिच्या छातीतली शीळ मागच्या मुलांना ऐकू येत होती. तिने खिशातून पंप काढला आणि सगळ्या शाळेसमोर, कुणाकडे पाठ न फिरवता, घेतला. तिला 'भाता' नाव देणारा मुलगा तिच्या मागेच उभा होता, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत. तो हळूच खाली वाकला आणि त्याने मोज्यातून स्वतःचा पंप काढला. एका मुलीने कंपासपेटीतून काढला. आठवीतल्या एकाने टोपीतून. सर बघत राहिले. ही मुले रोज त्यांच्यासमोर उभी राहत होती. आपल्याला कोणी नेभळट म्हणू नये म्हणून आपला श्वास मोज्यात लपवत होती, आणि ती कोणापासून लपवत होती हे सरांना आता कळले.

"घ्या रे सगळे," ते म्हणाले. "शाळा थांबलीय. सावकाश घ्या."

अशी थांबत थांबत शाळा वर पोचली. कड्यावर ऊन होते. मुले काठाशी जाऊन खाली पाहू लागली. पहिलीतल्या एका पोराने सरांची विजार ओढली.

"सर, आपली शाळा कुठंय?"

सरांनी खाली त्या तपकिरी झाकणाकडे बोट केले. "त्याच्या खाली."

"मग आपण रोज त्याच्या खाली असतो?"

बाई तेवढ्यात पोचल्या होत्या. छातीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि खाली आपली शाळा शोधू लागल्या. इमारत बांधली गेली तेव्हापासून त्या तिथे होत्या, पण त्यांना छप्परसुद्धा सापडेना. एका पाहुण्याने कॅमेरा रोखत सहज विचारले, "तो सगळ्यात जाड धूर निघतोय ना, ते कुणाचं लॉज?" अध्यक्ष रुमालाने घाम पुसत होते. ते पुसतच राहिले.

"तुम्हाला ठाऊक आहे का, उद्या कोणी इकडे फिरकणार नाही," ते शेवटी बाईंना म्हणाले. "धुकं आहे म्हणून सांगा मुलांना. विषय संपवा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "अध्यक्षसाहेब, छपराशिवाय सभागृह चालेल मला. मुलांशिवाय शाळा नाही चालणार."

त्यांनी खुलासा मागितला नाही. सर त्या दिवशी हुकूम द्यायला पुढे झालेच नाहीत. त्यांनी शिट्टी धाकटीच्या गळ्यात घातली. तिने ती अगदी हलकी वाजवली आणि आपल्या बारीक आवाजात, स्वतःला झेपेल तेवढ्या संथपणे म्हणाली, "श्वास... आत." आणि त्या दिवशी शाळेने खरोखर हवा घेतली.

पुढचे सगळे गोड झाले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तसे झाले नाही. सभागृहाचे छप्पर आले नाही, अजून पत्रेच आहेत. काही लॉजमालकांनी भट्ट्या बदलल्या, काहींनी आणखी उंच धुराडी बांधली आणि स्वतःची समजूत घातली. वळणावरचा कचरा पेटणे मात्र थांबले, कारण मुलांच्या आया रोज सकाळी तिथे जाऊन उभ्या राहू लागल्या आणि नगरपालिकेच्या माणसांना म्हणू लागल्या, पेटवा बघू आता. सर दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्याने अंघोळ करतात आणि त्यावरून बायकोची चेष्टा सहन करतात. कवायत दुपारी होते. पंप बाकावर उघडा ठेवायला शाळेत परवानगी आहे. चष्म्यासारखा. आणि वेशीवरची ती पाटी अध्यक्षांनी काही काढू दिली नाही, पण तिच्या खाली कोणीतरी मुलांच्या अक्षरात एक शब्द रंगवला आहे. आता ती अशी वाचली जाते : 'येथे मोकळा श्वास घ्या. दुपारनंतर'. अध्यक्ष तो शब्द पुसून घेतात. तो पुन्हा उगवतो.

वाचकहो, धूर गावाचा असतो, भट्टी मात्र प्रत्येकाची आपापली असते. त्यामुळे कोणी कोणाला विचारत नाही. आपण विचारले पाहिजे. आधी आपल्या घरामागे जाऊन, मग वळणावर, मग ज्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत मांडल्या जातात त्यांना. खोकणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत उभे करून प्रश्न सुटत नाही, कारण मागच्या रांगेतली हवा वेगळी नसते. आपल्या घरात पुन्हा कोणी खोकेल तेव्हा "हवा बदललीय" असे जरूर म्हणावे. पण मग पांघरूण ओढू नये. उठावे, दार उघडावे, आणि ती कोणी बदलली हे बघायला बाहेर पडावे.